वकिलीला जायचंय? फॉर्म भरण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यात, फोंडा-डिचोलीकडे हे वाक्य हमखास कानावर येतं: "पोरगी कुणाला ऐकत नाही, बोलण्यात तर तिचा हात कोण धरणार? वकीलच कर तिला!" एवढ्या भांडवलावर मिरामारच्या साळगावकर कॉलेजात नाहीतर मडगावच्या कारे कॉलेजात नाव घातलं जातं. बोलकेपणा हा गुण आहे, पण वकिलीच्या दिवसातला मोठा वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. दिवाणी दाव्यात तर साक्षीदाराची सरतपासणीसुद्धा (त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या बाजूने होणारी पहिली साक्ष) प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे लेखी होते.

पहिली चूक: काम न बघता निर्णय घेणं

फोंड्याजवळच्या गावातलं एखादं वडिलोपार्जित घर घ्या. आजोबा वारले, आजी आहे, एक काका मुंबईला, एक आत्या लग्न होऊन काणकोणला. वाटणी करायची तर आपल्याकडे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याचं कोर्टातलं प्रकरण, दाखल होतं. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक. त्यामुळे आजीचा अर्धा वाटा आधी बाजूला निघतो आणि उरलेल्या अर्ध्याची वाटणी वारसांत होते. त्याच सामाईकपणामुळे मुलगे-मुलींबरोबर सुना-जावईही पक्षकार होतात. मग मालमत्तेची यादी, किमती, आणि वाटपावर एकमत झालं नाही तर वारसांमध्येच लिलाव.

आता ती फाईल उघडा. जन्म-लग्नाचे जुने दाखले पोर्तुगीजमध्ये. एका कागदावर आजोबांचं आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, दुसऱ्यावर इंग्रजी वळणाने, तिसऱ्यावर आडनावच नाही. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे आधी सिद्ध करायचं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, भलत्याचंच नाव, आणि घराच्या मागच्या बाजूला राहणारा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) त्याला हुसकावण्यापासून संरक्षण देणाऱ्या १९७५ च्या कायद्याचा आधार घेऊन उभा. हे वाचताना पुढे काय झालं असेल याची उत्सुकता वाटली असेल तर तुम्ही या वाटेचा नक्की विचार करा. जीव गुदमरला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

याची खात्री करायला पैसे लागत नाहीत. न्यायालयाचं कामकाज सहसा सर्वांना खुलं असतं. फोंडा, म्हापसा, जवळचं कुठलंही कोर्ट गाठा, मोबाईल बंद करून मागच्या बाकावर पूर्ण सकाळ बसा. किती प्रकरणांत फक्त पुढची तारीख पडते आणि किती वेळ वाट बघण्यात जातो, ते डोळ्यांनी बघा. दुसरी परीक्षा घरबसल्या. गोव्याच्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ता कुठल्या वारसा कायद्याने वाटायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल दिला: आपल्याकडचाच, म्हणजे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. निकालपत्र इंटरनेटवर फुकट मिळतं. शब्द अडतील, अडू देत. शेवटपर्यंत वाचावंसं वाटतं का, एवढंच स्वतःला विचारा.

दुसरी चूक: पहिल्या काही वर्षांचा हिशेब न मांडणं

इथे पालकांनी नीट ऐकावं. बारावीनंतर पाच वर्षं, किंवा पदवीनंतर तीन. त्यानंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि वकिली चालू ठेवायला अखिल भारतीय बार परीक्षा. मग ज्येष्ठांच्या ऑफिसात ज्युनिअर. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी द्यावेत असं सुचवलं, पण ते बंधनकारक नाही. पुष्कळ ऑफिसांत यापेक्षा कमीच हातात पडतं आणि घरचा आधार लागतो. तो किती वर्षं देता येईल, हे आकड्यात बोला. मुलांना लाज वाटते म्हणून हा विषय पालकांनीच काढावा.

"मग सरळ न्यायाधीशाची परीक्षा देईल," हे उत्तरही आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे ती ज्युनिअरकी टळत नाही.

नोकरी सांभाळून तीन वर्षांचा एलएलबी करू म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघाव्यात. हजेरीचा नियम ७० टक्के आहे, आणि घरबसल्या पत्रद्वारे केलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

तिसरी चूक: इंग्रजीला घाबरून मागे फिरणं

मराठी प्राथमिक शाळेतून आलेली कितीतरी मुलं याच भीतीने थांबतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, खरं आहे. पण दावा, कैफियत, अपील यांची इंग्रजी कॉन्व्हेंटच्या मुलालाही नव्यानेच शिकावी लागते. अशील मात्र आपलं गाऱ्हाणं कोकणीत नाहीतर मराठीत सांगतो. देवस्थानच्या महाजनकीचा, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदत्वाचा, वाद आला तर जुने ठराव आणि जमाखर्चाच्या वह्या बहुधा मराठीत असतात, तिथे तुमचं वाचन कामाला येतं. इंग्रजी रोजच्या सरावाने सुधारते.

क्लॅटमध्ये गुण कमी पडले म्हणून कायदाच सोडणं हीसुद्धा याच जातीची चूक. ती परीक्षा राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या जागांसाठी आहे. गोव्यातल्या कॉलेजातून शिकून पर्वरीच्या उच्च न्यायालयात उभे राहणारे वकील रोज दिसतात.

प्रवेश घेतलाय आणि मन लागत नाही?

आधी नेमकं काय नकोसं झालंय ते शोधा. पाच वर्षांच्या बीए एलएलबीला सुरुवातीला राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय बरेच असतात. त्यांचा कंटाळा म्हणजे कायद्याचा कंटाळा नव्हे. करार किंवा फौजदारी कायदा वर्गात सुरू होईपर्यंत थांबा, आणि सुट्टीत एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसा. तिथेही मन रमलं नाही तर रेटू नका. मात्र "तीन वर्षं काढतो, बीएची पदवी घेऊन बाहेर पडतो" असा बेत आखू नका. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत अशी मधली पदवी मिळत नाही, मध्येच सोडलं तर हातात फक्त गुणपत्रिका राहतात. म्हणून सोडायचं असेल तर पहिल्या वर्षाअखेरीस सोडा आणि साध्या पदवीला जा. पुढे पुन्हा ओढ वाटलीच, तर पदवीला ४५ टक्के गुण असले की तीन वर्षांच्या एलएलबीला अर्ज करता येतो. ओबीसींसाठी ही अट ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे.