भात्यावर वाजणारी डिजिटल पेटी: वाजवणाऱ्याच्या हातात बसेल, ऐकणाऱ्याला उमगेल अशी

कोकणातल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा गाता गाता पेटी (हार्मोनियम) वाजवतात आणि पेटीचा भाता असतो श्रोत्यांच्या बाजूला. चाल चढली की भात्यावरचा हात जोरात चालतो आणि आवाज भरतो. मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही हे न सांगता कळतं. लॅपटॉपवर बटण दाबून काढलेल्या सुराचं तसं नाही. हलकं दाबा नाहीतर जोरात, बघणाऱ्याला फरक दिसत नाही आणि वाजवणाऱ्याच्या हातालाही लागत नाही. म्हणून आवाजाची ताकद हाताच्या कष्टातूनच यावी आणि ते कष्ट समोरच्याला दिसावेत, या एका अटीवर हे वाद्य बांधायचं आहे.

पेटीची उणीव सगळ्यांना माहीत आहे: तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. 1940 ते 1971 आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे हेही एक कारण होतं. त्यामुळे भाता जुनाच ठेवू आणि पट्ट्यांच्या जागी बोट सरकवता येईल अशी पट्टी बसवू.

सामान: मोडकी पण भाता शाबूत असलेली पेटी, टीन्सी 4.1 बोर्ड (छोटा संगणक), एमपीएक्सव्ही7002डीपी हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बोट कुठे टेकलं ते सांगणारी 500 मिमीची स्पर्शपट्टी (सॉफ्टपॉट), तिच्याखाली 600 मिमीचा लांबट एफएसआर (बोटाचा दाब मोजणारा सेन्सर), पीसीएम5102 डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप), 12 व्होल्टवर चालणारा छोटा अॅम्प्लिफायर, 4 इंची स्पीकर आणि 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी. बोर्ड आणि सेन्सरसाठी 12 चे 5 व्होल्ट करणारा कन्व्हर्टरही लागेल.

आधी भाता. रीडबोर्ड (रीड बसवलेली फळी) काढून त्या जागी 6 मिमी प्लायवूड चामड्याची पट्टी लावून घट्ट बसवा. आतला भाता आणि त्याच्या स्प्रिंगा काढू नका, दाब सलग राहतो तो त्यांच्यामुळे. रीड गेल्यावर हवेला वाट उरत नाही, भाता दगडासारखा घट्ट होतो आणि हाताला काहीच सांगत नाही. म्हणून तळाला 6 मिमीचं भोक पाडा, आतून फेल्ट लावा म्हणजे फुसफुस ऐकू येणार नाही. भाता पूर्ण भरून हात सोडा. पाच-सहा सेकंदांत रिकामा झाला पाहिजे. जास्त वेळ लागला तर भोक एकेक मिलिमीटरने वाढवा. या कामात घाई करू नये. वाद्य जिवंत वाटतं की खेळणं, हे इथेच ठरतं.

सेन्सरची एक नळी आतल्या हवाखान्यात न्या आणि दुसरी बाहेर मोकळी ठेवा. सेन्सरला 5 व्होल्ट लागतात आणि तो 4.5 व्होल्टपर्यंत देतो, टीन्सीला मात्र 3.3 च्या वर चालत नाही. सेन्सरकडून 10 किलोओहम आणि जमिनीकडे (ग्राउंडला) 20 किलोओहम असा दोन रोधांचा विभाजक लावा, म्हणजे 4.5 चे 3 होतात. वाचन 12 बिटांवर ठेवून 16 वाचनांची सरासरी घ्या. एक किलोपास्कलच्या टप्प्यात आठशेच्या आसपास पायऱ्या मिळतात. हाच दाब साध्या मिडीच्या (वाद्यं संगणकाला जोडण्याच्या पद्धतीच्या) 128 पायऱ्यांतून पाठवला तर हळूहळू चढणारा सूर करकरत चढतो. चालू करताना भाता रिकामा ठेवा आणि तेव्हाचं वाचन शून्य धरा. उष्म्याने शून्य सरकतं, म्हणून हे दर वेळी करायचं.

स्पर्शपट्टीवर दोन सप्तकं बसवली तर एका अर्धस्वराला साधारण 21 मिमी येतात. पट्टीखाली लाकूड एकदम सपाट हवं. बुडबुडा राहिला की त्या जागी बोट न लावता सूर लागतो. पट्टीच्या मधल्या तारेवरून जमिनीला 100 किलोओहमचा रोध जोडा, नाहीतर बोट नसताना वाचन भटकत राहतं. षड्ज आणि पंचमाच्या जागी पट्टीशेजारी बारीक तार चिकटवा, न बघता हात पोचतो.

इथे एक दोष हमखास येतो. बोट उचलताना सूर क्षणभर खाली घसरतो, कारण दाब कमी होत असताना पट्टीचा संपर्क अर्धवट सुटतो. उपाय सोपा आहे: मागच्या 10 मिलिसेकंदांची वाचनं साठवून ठेवा आणि एफएसआरचा दाब उंबरठ्याखाली गेला की त्या आधीचाच सूर धरून आवाज बंद करा. दोन बोटं एकदम टेकली तर मधलाच कुठला तरी सूर लागतो. पट्ट्यांवर सराव झालेल्या हाताला हे आधीच सांगून ठेवावं.

सूर स्वरांना कुलूपबंद करू नका, मींड मरते. बोट थांबत आलं की, म्हणजे वेग सेकंदाला 15 मिमीच्या खाली गेला की, 100 मिलिसेकंदांत सूर जवळच्या स्वराकडे ओढा. बोट हललं की सोडून द्या. स्वरांची जागा षड्जापासून मोजा: शुद्ध गंधार 5/4, म्हणजे 386 सेंट (एका अर्धस्वराचे 100 सेंट). समान भागांच्या पेटीत तो 400 वर असतो आणि तंबोऱ्यासोबत टोचतो. षड्ज बदलायला एक खटका पुरे: पांढरी एक, काळी एक, बुवांना हवी ती पट्टी.

आता जोडणी, म्हणजे हाताच्या कशाने आवाजात काय बदलावं ते. भात्याच्या दाबावर नुसता आवाज बांधला तर वाद्य रेडिओच्या बटणासारखं वाटतं. दाब वाढला की आवाज वाढावा, आवाजाचा वरचा, तीव्र भाग गाळणारा फिल्टर 600 पासून 4500 हर्ट्झपर्यंत उघडावा आणि सूर दोन-तीन सेंट उतरावा, खऱ्या रीडचं असंच होतं. बोटाच्या दाबाने खर्जाची जोड कमी-जास्त करा. भाता रिकामा झाला की आवाज संपलाच पाहिजे. प्रतिध्वनी, लूप, आपोआप चालणारा ताल यातलं काहीही घालू नका. हात थांबल्यावर वाजत राहणारा आवाज कोणाचा, हे श्रोत्याला कळत नाही. लुकलुकणारे दिवेही नकोत, नजर भात्यावर राहू दे.

स्पीकर पेटीतच बसवा, आवाज वाद्यातून आला पाहिजे. पण त्याचा खण हवाखान्यापासून पूर्ण वेगळा हवा. एकाच खणात असतील तर स्पीकरच्या पडद्याच्या धक्क्याने दाब हलतो, दाबाने आवाज हलतो आणि वाद्य घुमायला लागतं. खण वेगळा करूनही दाबाच्या वाचनाला 30 हर्ट्झच्या वरचं सगळं कापणारी गाळणी लावा. ब्लूटूथ स्पीकर लावूच नका. हातापासून कानापर्यंतचा उशीर 10 मिलिसेकंदांच्या आत राहायला हवा, नाहीतर पखवाजवाला आणि झांजवाला तुम्हाला मागे ओढत राहतील. टीन्सीचा स्वतःचा ध्वनिखंड (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) जेमतेम 2.9 मिलिसेकंदांचा असतो, बाकीचा उशीर आपणच वाढवतो.

किनाऱ्यावर खारी हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा दोन्ही असतात. ब्रेडबोर्डचे (सोल्डर न करता तारा खोचायच्या फळीचे) सांधे हिरवे पडतात, म्हणून सगळं सोल्डर करा आणि सर्किटवर अॅक्रिलिक लेप मारा, दाब-सेन्सरच्या नळ्या झाकून. भात्याच्या कापडाला बुरशी धरते, तेव्हा पेटी पिशवीत कोंबून ठेवण्यापेक्षा कोरड्या खोलीत, थोडा भाता उघडा ठेवून ठेवावी.

दोन चाचण्या घ्या. पेटी वाजवणाऱ्या माणसाच्या हातात काही न सांगता वाद्य द्या: दहा मिनिटांत त्याला एक सूर हळू सुरू करून भरता आणि परत उतरवता आला पाहिजे. नाही आला तर दाबाची वक्ररेषा, म्हणजे किती दाबाला किती आवाज हे गणित, बदला, साधारण 1.7 च्या घातापासून सुरुवात करा. दुसरी चाचणी श्रोत्यांची. स्पीकर बंद करून, पण आवाज रेकॉर्ड होऊ देत वाजवा आणि समोरच्यांना हात वर-खाली करून जोर दाखवायला सांगा. मग तेच रेकॉर्डिंग ऐकवून ताडून बघा. जिथे हात चुकले, तिथली जोडणी पुन्हा करायची.