गणपतीला गावी जाताना मांजराची सोय

दर गणपतीला आम्ही 7 दिवस संगमेश्वरला जातो आणि आमचा बोका मन्या ठाण्यात राहतो, पाचपाखाडीतल्या आमच्याच घरात. 2022 साली मी त्याला एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. जागा स्वच्छ होती, फोटोही यायचे. पण 4 दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, हे कुणी कळवलं नाही. घरी आणून खिडकीशी बसवला तर कानाची आतली कातडी हळदीचं बोट फिरवल्यासारखी पिवळी. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठत जाते आणि यकृत काम करेनासं होतं. जाड मांजरांना हा धोका जास्त. नळीने भरवून तो वाचला, 3 आठवडे लागले.

कुत्रा माणसाला लागतो, मांजर घराला. म्हणून मांजर हलवू नका, माणूस घरी बोलवा.

माझ्याकडे समोरच्या काकू येतात, सकाळ-संध्याकाळ. निघायच्या आधीच्या आठवड्यात त्याला त्यांच्याच हातून खायला घालते. दोनदा मी घरात असताना, एकदा मुद्दाम बाहेर जाऊन. आमचं दार ओढून धरल्याशिवाय कुलूप लागत नाही, हे त्यांना त्याच दिवशी कळलं.

भाद्रपदातल्या हवेत कोरडं खाणं सादळतं आणि सादळलेलं मन्या हुंगून सोडतो. म्हणून 30-30 ग्रॅमच्या पुड्या बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. एका वेळेला एक पुडी. ताटलीत उरलं तर ते टाकायचं नाही, रिकाम्या पुडीत भरून ठेवायचं, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन.

खाण्याइतकंच लक्ष लिटरच्या ट्रेकडे हवं. लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवतात ती वाळूसारखी माती, लघवीने भिजली की तिचा गोळा होतो. मन्याचे लघवीचे रोज 2-3 गोळे निघतात, ते काकू मोजतात. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडा अडकू शकतो. बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि गोळा मात्र नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मला फोन नंतर, आधी रिक्षा.

कारण गावाला रेंज नसते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून ठेवते आणि सहीची चिठ्ठी फाईलमध्ये लावते: उपचाराला माझी परवानगी आहे, अमुक रकमेपर्यंत मला विचारायला थांबू नका. सोबत लसींचं पुस्तक, पाकिटात पैसे, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. घरातलं औषध द्यायचं नाही, हे लाल अक्षरात. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मिरवणुका तलावपाळीकडे निघाल्या की ढोल-ताशाने मन्या पलंगाखालच्या बॅगांमागे शिरतो. त्याच्या लपायच्या तिन्ही जागा काकूंना दाखवल्या आहेत. त्याला ओढून काढायचं नाही. पाणी जवळ सरकवायचं, दिवा लावायचा आणि निघायचं. कपाटाला मात्र कडी घालूनच आम्ही घर सोडतो, नाहीतर तो आत शिरतो आणि दार मागून बंद होतं.

कुत्रा असेल तर बोर्डिंग चालतं, पण आधी एक रात्र ठेवून बघा. रेबीजची आणि बाकीच्या लसींची नोंद न मागता कुत्रा घेणाऱ्यांकडे ठेवू नका. तुमचा कुत्रा तिथे इतरांच्या कुत्र्यांबरोबरच राहणार असतो.

7 दिवसांच्या 14 पुड्या लागतात, मी 18 बांधते. परतीची गाडी रखडते. घरी पोचले की आधी उरलेल्या पुड्या मोजते, मग मन्याला खिडकीशी नेऊन कान उलटून बघते.