एअर फिल्टर कधी बदलायचा?
आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात खनिजाच्या ट्रकांमागून रोज गाडी हाकत असाल, तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. बॉनेट उघडा, फिल्टर असतो त्या काळ्या डब्याच्या क्लिपा सोडा, फिल्टर बाहेर काढा. घड्यांवर नुसती लाल धूळ असेल तर हलकेच आपटून झाडा. मग मागून टॉर्च धरा. उजेड पलीकडे येत नसेल तर नवाच घाला. पावसाळ्यात कागद भिजून फुगला असेल किंवा कडेचं रबर चिरलं असेल, तरीही नवाच. कागदी फिल्टर धुऊ मात्र नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. ॲव्हरेज पडायची वाटही बघू नका. हल्लीच्या इंजेक्शनच्या (कंप्युटर मोजून इंधन फवारतो अशा) गाड्यांत ते फारसं पडत नाही, चढावर पिकअप तेवढा मंदावतो. नवा बसवण्याआधी डबा आतून ओलसर फडक्याने पुसून घ्या.