खिडकी अडकते तेव्हा दोष कोठे शोधावा

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीचे लॉक लागेनासे झाले की अनेक घरांत आधी लॉकच बदलले जाते, आणि थोड्याच दिवसांत नवे लॉकही तसेच अडू लागते. शटरच्या, म्हणजे काच बसवलेल्या सरकत्या भागाच्या, खालच्या पट्टीत दोन्ही टोकांना बसवलेली बेअरिंगची चाके झिजली की शटर त्या बाजूने खाली बसते आणि लॉकची जीभ चौकटीवरच्या खाचेसमोर येत नाही. लाकडी खिडकीतही कडी लागत नाही म्हणून कोयंडा हलवला जातो, पण झीज बहुधा वरच्या बिजागरीत असते. म्हणून कोणताही भाग विकत आणण्यापूर्वी खिडकीचा भार कशावर टेकला आहे, ते पाहावे.

शटर जवळजवळ बंद करून त्याच्या आणि उभ्या चौकटीच्या मधली फट निरखावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर चौकटीकडचे चाक खचले आहे. उलट असेल, तर दुसऱ्या टोकाचे. मग शटर सावकाश सरकवावे. सगळीकडे सारखी खरखर होत असेल तर ट्रॅकमध्ये वाळू व धूळ साठली असण्याची शक्यता अधिक. ठरावीक अंतराने धक्का बसत असेल तर चाक एका बाजूने चपटे झाले आहे. शटर उचलून धरल्याशिवाय हलत नसेल आणि ट्रॅकमध्ये करडी-काळी भुकटी दिसत असेल, तर चाक फिरणे थांबून नुसते घासले जात आहे. स्क्रूला हात लावण्यापूर्वी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने ट्रॅक स्वच्छ करून पुन्हा तपासावे, कारण पुष्कळदा काम तेवढ्यावरच भागते.

शटर काढताना घाई अजिबात करू नये. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला सुमारे 2.5 किलो असते, म्हणजे 5 मिलिमीटरची एक चौरस मीटर काच चौकटीविनाच 12.5 किलो भरते. त्यामुळे दोन माणसे हवीतच. वरच्या मजल्यावर बाहेरून ग्रिल नसेल, तर हे काम कारागिराकडेच सोपवावे. सर्वांत आतले शटर (पुष्कळ घरांत ते मच्छरजाळीचे असते) आधी काढावे. शटर मधोमध आणावे, म्हणजे दोन शटरांच्या कडा एकमेकींतून सुटतात. मग ते सरळ वर उचलून खालची कड आत ओढावी. ते वर उचलले जात नसेल, तर वरच्या पट्टीत अडसर म्हणून एखादा स्क्रू किंवा ठोकळा बसवलेला आहे का ते पाहावे. जोर लावू नये.

शटर सतरंजीवर आडवे ठेवून बेअरिंगचा स्क्रू सोडवावा. काही शटरांत हाच स्क्रू उभी आणि आडवी पट्टी जोडून ठेवतो, म्हणून कोपरा हलू देऊ नये. जुने बेअरिंग नमुना म्हणून दुकानात न्यावे, कारण उंची व रुंदी किंचित वेगळी असली तरी ते बसत नाही. एकच खराब असले तरी दोन्ही बदलावीत. समुद्राकाठच्या घरात चाकाचा आस स्टेनलेस स्टीलचा असावा. ट्रॅकच्या रुळाचा माथा चेपला असेल किंवा त्यावर चरे पडले असतील, तर नवे चाकही लवकर खराब होते; अशा रुळावर स्टेनलेस स्टीलची टोपीपट्टी बसवून घेता येते. ट्रॅकमध्ये खोबरेल किंवा मशीनचे तेल मात्र घालू नये. त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. फार तर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा द्यावा. त्याच वेळी पाणी बाहेर जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. ती बुजली की पावसाचे पाणी ट्रॅकमध्ये साचून घरात उतरते. हे सगळे मे महिन्यात झालेले बरे.

लाकडी खिडकीचे दार अर्धे उघडून मोकळ्या कोपऱ्याला धरून वर उचलून पाहावे. बिजागरीचे पान लाकडापासून हलत असेल, तर स्क्रूची भोके मोठी झाली आहेत: त्यांत फेविकॉल लावलेल्या लाकडी काड्या घट्ट ठोकून, रात्रभर वाळू देऊन, बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा आवळावा. पान स्थिर राहून खीळच हलत असेल, तर बिजागरीच बदलावी. दाराखाली पाचर देऊन एका वेळी एकच बिजागरी काढावी. पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच वापरावेत, कारण खाऱ्या हवेत पितळेला लागून असलेला साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो.

पावसाळ्यात दार चौकटीला घासू लागले, तर लगेच रंधा मारण्याचा मोह टाळावा. दमट हवेत लाकूड फुगते आणि हिवाळ्यात आकसते, त्यामुळे जुलैत तासलेल्या कडेला जानेवारीत फट पडते. दिवाळीनंतर लाकूड सुकूनही दार घासत असेल, आणि बिजागऱ्या घट्ट आहेत याची खात्री झाली असेल, तरच कड तासावी व तिला लगेच रंग किंवा वॉर्निश द्यावे, कारण उघडी राहिलेली कड पुढच्या पावसात अधिक ओल शोषून घेते.