सेटिंग्ज फाइलमधून टेक्स्ट एडिटरचे रूप कसे बदलावे

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा प्रोग्रॅम लिहिण्याचा टेक्स्ट एडिटर बसवल्यावर बहुतेक जण सर्वप्रथम थीम बदलतात आणि तिथेच थांबतात. थीममुळे पडद्याचा रंग बदलतो हे खरे. परंतु दिवसभर वाचताना डोळ्यांना जो ताण जाणवतो, तो बहुधा अक्षरांचा आकार, ओळींमधील अंतर आणि फिकट रंगातील टिपा यांमुळे येतो, आणि या तिन्ही गोष्टी थीम बदलून सुटतीलच असे नाही. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे: आधी अक्षरे, मग ओळी, मग रंग आणि शेवटी खिडकीची मांडणी. हे सर्व बदल एकाच साध्या मजकूर-फाइलमध्ये नोंदवता येतात. ती फाइल वाचता येते, तिची प्रत ठेवता येते आणि मन बदलल्यास एक ओळ पुसून पूर्वस्थितीला येता येते.

पहिली पायरी: सेटिंग्जची फाइल उघडणे

विंडोज किंवा लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि पी ही बटणे एकत्र दाबावीत. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड दाबावे. वर जी पट्टी उघडते तिला कमांड पॅलेट म्हणतात. तीत ‘ओपन यूझर सेटिंग्ज’ असे रोमन अक्षरांत टाइप केल्यावर दिसणाऱ्या पर्यायांपैकी ज्याच्या शेवटी कंसात ‘जेसन’ लिहिलेले आहे तो निवडावा. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबल्यावर उघडणारे सेटिंग्जचे पान याच फाइलचे दृश्य रूप आहे. तिथे एखादा चौकोन टिकमार्क केला की फाइलमध्ये आपोआप ओळ उमटते. दोन्ही मार्ग बरोबर आहेत, मात्र फाइलमध्ये स्वतः लिहिल्याने आपण काय बदलले आणि का बदलले हे शेजारीच नोंदवता येते. दोन तिरप्या रेघा देऊन त्यांच्यापुढे लिहिलेला मजकूर एडिटर टीप म्हणून सोडून देतो. प्रत्येक बदलाशेजारी अशी एक ओळीची टीप लिहावी, असा माझा आग्रह आहे.

फाइलची रचना सोपी आहे. सर्व नोंदी एका महिरपी कंसात असतात. प्रत्येक नोंदीत सेटिंगचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत, त्यानंतर अपूर्णविराम, त्यानंतर मूल्य आणि दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम असा क्रम असतो. मूल्य शब्द असेल तर तेही अवतरणचिन्हांत जाते. संख्या आणि ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ ही मूल्ये मात्र अवतरणाविना लिहावयाची असतात. येथे सेटिंगची नावे व मूल्ये देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत. फाइलमध्ये अक्षरे आणि आकडे दोन्ही रोमनच असावे लागतात. नावे पाठ करण्याची गरज नाही. अवतरणचिन्ह उघडून पहिली काही अक्षरे टाइप केली, की एडिटर जुळणाऱ्या नावांची यादी समोर ठेवतो, आणि ती न दिसल्यास कंट्रोल व स्पेस दाबून मागवता येते. स्वल्पविराम राहून गेला तर त्या जागी लाल नागमोडी रेघ येते, आणि नाव चुकले असेल तर ती नोंद फिकी पडते. फाइल जतन केल्याक्षणी बहुतेक बदल लागू होतात, त्यामुळे एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. पाच बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने वाचन सुधारले आणि कोणत्याने बिघडले हे कळत नाही.

दुसरी पायरी: अक्षरे

‘एडिटर.फॉन्टसाइझ’ या सेटिंगचे मूळ मूल्य विंडोज आणि लिनक्सवर १४, तर मॅकवर १२ असते. पडद्यापासून नेहमीच्या अंतरावर बसून, मान पुढे न काढता वाचता येईल इतके ते वाढवावे. येथे एक फरक लक्षात ठेवावा. हे सेटिंग फक्त संपादनाच्या भागातील अक्षरांना लागू होते. बाजूच्या पट्टीतील फाइलींची नावे आणि मेनू त्याने बदलत नाहीत. संपूर्ण खिडकीच मोठी हवी असेल तर ‘विंडो.झूमलेव्हल’ वापरावे. त्याचे मूळ मूल्य ० असून प्रत्येक पूर्ण अंकाने आकार २०% वाढतो किंवा घटतो, आणि ०.५ सारखे दशांश मूल्यही चालते. ज्यांना मेनूही वाचायला बारीक वाटतात, त्यांनी आधी झूम ठरवावा आणि मगच फॉन्टच्या आकाराला हात लावावा.

फॉन्टची निवड ‘एडिटर.फॉन्टफॅमिली’मध्ये होते. येथे एकच नाव नव्हे, तर स्वल्पविरामांनी वेगळी केलेली नावांची यादी दिली जाते. नावात मोकळी जागा असल्यास ते नाव एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावे. एडिटर ही यादी डावीकडून वाचतो आणि एखादे अक्षर पहिल्या फॉन्टमध्ये नसेल तर ते पुढच्या फॉन्टमध्ये शोधतो. कॅस्केडिया कोड, जेटब्रेन्स मोनो आणि फिरा कोड हे तीन फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात आणि तिन्ही कामासाठी उत्तम आहेत. फॉन्ट पारखण्याची माझी कसोटी साधी आहे: शून्य आणि मोठा ओ, एक आणि लहान एल, तसेच मोठा आय ही चिन्हे शेजारी शेजारी टाइप करून ती एका नजरेत ओळखू येतात का, हे पाहावे. ओळखू येत नसतील तर तो फॉन्ट दिसायला कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

देवनागरी मजकूर लिहिणाऱ्यांसाठी ही यादी विशेष महत्त्वाची आहे. वरील फॉन्टांत देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे यादीत दुसरे नाव दिले नाही तर संगणक स्वतःच्या मर्जीने एखादा फॉन्ट उचलतो आणि तो इंग्रजी अक्षरांच्या मानाने बारीक किंवा ठसठशीत निघू शकतो. म्हणून इंग्रजी फॉन्टनंतर आणि यादीच्या शेवटच्या ‘मोनोस्पेस’ (म्हणजे समान रुंदीच्या अक्षरांचा कोणताही फॉन्ट) या शब्दाआधी देवनागरी फॉन्टचे नाव स्वतः लिहावे: विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, आणि कुठेही बसवता येणारा नोटो सान्स देवनागरी.

‘एडिटर.फॉन्टलिगेचर्स’ सुरू केल्यास, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ‘बरोबर नाही’ यासारखी दोन-तीन चिन्हांची जोडी एकच चिन्ह म्हणून दिसते. हा केवळ दिसण्याचा फेर आहे. फाइलमधील मजकूर बदलत नाही. नवशिक्यांनी काही काळ हे बंदच ठेवावे, कारण आपण नेमके काय टाइप केले ते पडद्यावर जसेच्या तसे दिसणे शिकताना अधिक मोलाचे असते.

तिसरी पायरी: ओळी

माझ्या मते संपूर्ण फाइलमधील सर्वात गुणकारी आणि सर्वात दुर्लक्षित सेटिंग म्हणजे ‘एडिटर.लाइनहाइट’. त्याचे मूळ मूल्य ० असते, म्हणजे ओळीची उंची एडिटर फॉन्टच्या आकारावरून स्वतः ठरवतो. ० आणि ८ यांच्या दरम्यानची संख्या दिल्यास ती गुणक मानली जाते: फॉन्ट १६ आणि लाइनहाइट १.६ असेल तर ओळीची उंची सुमारे २६ पिक्सेल होते. ८ किंवा त्याहून मोठी संख्या मात्र थेट पिक्सेलमध्ये धरली जाते. गुणक देणेच श्रेयस्कर, कारण पुढे फॉन्टचा आकार बदलला तरी प्रमाण कायम राहते. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्यामुळे इंग्रजीला पुरणारी उंची येथे अपुरी पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. १.६ पासून सुरुवात करून ‘कुर्‍हाडीं’सारखा शब्द एकाखाली एक अशा दोन ओळींत लिहावा आणि चिन्हे एकमेकांपासून सुटी दिसेपर्यंत मूल्य थोडे थोडे वाढवावे.

लांब ओळी खिडकीच्या कडेला वळाव्यात यासाठी ‘एडिटर.वर्डरॅप’ला ‘ऑन’ हे मूल्य द्यावे. वळणाची जागा ठरवताना एडिटर मूलतः सर्व अक्षरे समान रुंदीची आहेत असे गृहीत धरतो. देवनागरी अक्षरे तशी नसतात, म्हणून ओळ कधी फार लवकर वळते, तर कधी कडेबाहेर जाते. त्यावर ‘एडिटर.रॅपिंगस्ट्रॅटेजी’ला ‘ॲडव्हान्स्ड’ हे मूल्य देणे हा नेमका उपाय आहे. त्यात प्रत्येक अक्षराची खरी रुंदी मोजली जाते. ही मोजणी संथ असते आणि फार मोठ्या फाइलींत एडिटर अडखळू शकतो, म्हणून ते सरसकट लागू न करता ज्या प्रकारच्या फाइलींत गद्य लिहिले जाते त्यांच्यापुरतेच ठेवावे. तशी सोय आहे: चौकोनी कंसात भाषेचे नाव, उदाहरणार्थ ‘मार्कडाउन’, अवतरणचिन्हांत लिहून त्यापुढे स्वतंत्र महिरपी कंस उघडावा आणि त्यात त्या भाषेपुरती सेटिंग्ज द्यावीत. वर्डरॅप, लाइनहाइट आणि फॉन्टसाइझ ही तिन्ही अशा रीतीने गद्यासाठी वेगळी आणि प्रोग्रॅमसाठी वेगळी ठेवता येतात.

‘एडिटर.रूलर्स’मध्ये चौकोनी कंसात ८० किंवा १०० अशी संख्या दिली की त्या स्तंभावर एक बारीक उभी रेघ दिसते. देवनागरी मजकुरासाठी वर सांगितलेल्या कारणामुळे ती अचूक नसते.

चौथी पायरी: रंग

कंट्रोल व के आणि लगेच कंट्रोल व टी दाबल्यास थीमची यादी उघडते. बाणाच्या बटणांनी खाली-वर जाताना प्रत्येक थीम तत्काळ दिसते. दिवसा उजळ आणि रात्री गडद थीम हवी असेल तर ‘विंडो.ऑटोडिटेक्टकलरस्कीम’ला ‘ट्रू’ हे मूल्य द्यावे. मग संगणकाचा रंगढंग बदलला की एडिटरही बदलतो, आणि त्या दोन थीम कोणत्या हे ‘वर्कबेंच’खालील ‘प्रिफर्ड’ने सुरू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये ठरवता येते.

थीम जवळपास मनासारखी असते, पण एखादा रंग खटकतो. त्यासाठी संपूर्ण थीम टाकून देऊ नये. पार्श्वभूमी, चालू ओळीची पट्टी, निवडलेला मजकूर अशा भागांचे रंग ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’मध्ये, तर मजकुरातील टिपा, अवतरणचिन्हांतील शब्दमाला, संख्या यांचे रंग ‘एडिटर.टोकनकलरकस्टमायझेशन्स’मध्ये बदलता येतात. दुसऱ्यात ‘कॉमेंट्स’, ‘स्ट्रिंग्ज’, ‘कीवर्ड्स’, ‘नंबर्स’ अशी थेट नावे चालतात. रंग हॅश चिन्हापुढे षोडशमान पद्धतीच्या (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) सहा अंकांनी लिहितात. त्यातील दोन-दोन अंक अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण सांगतात. पुढे आणखी दोन अंक जोडल्यास ते पारदर्शकता ठरवतात, आणि तिथे ८० लिहिल्यास रंग साधारण अर्धपारदर्शक होतो. शोधलेल्या शब्दांवरील पट्टीला असाच पारदर्शक रंग द्यावा, नाहीतर तिच्याखालील इतर खुणा झाकल्या जातात.

टिपांचा रंग या ठिकाणी विशेष काळजी मागतो. अनेक थीम टिपा इतक्या फिकट ठेवतात, की त्या वाचू नयेत असेच सुचवले जाते. वास्तविक प्रोग्रॅममध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेला तेवढाच भाग असतो. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर #९९९९९९ हा करडा रंग २.८५ च्या आसपास राहतो, #७७७७७७ हा ४.४८ म्हणजे काठावर अनुत्तीर्ण होतो, आणि #६०६०६० मात्र ६ च्या पुढे जातो. हा शेवटचा रंग टिपांना देऊन पाहावा. त्या मूळ मजकुरापेक्षा सौम्य दिसतात आणि तरीही सहज वाचता येतात. रंग एका विशिष्ट थीमपुरताच हवा असेल तर त्या थीमचे नाव चौकोनी कंसात देऊन बदल त्याच्या आत लिहावा. असे न केल्यास उजळ थीमसाठी निवडलेला करडा रंग गडद थीममध्ये बुडून जातो.

पाचवी पायरी: खिडकीतील गर्दी कमी करणे

उजवीकडील लघुनकाशा ‘एडिटर.मिनिमॅप.एनेबल्ड’ने बंद होतो आणि लहान पडद्यावर तेवढीच रुंदी मजकुराला मिळते. ‘वर्कबेंच.साइडबार.लोकेशन’ला ‘राइट’ हे मूल्य दिल्यास फाइलींची पट्टी उजवीकडे जाते. हा बदल क्षुल्लक वाटतो, पण पट्टी उघडताना आणि मिटताना मजकूर जागेवरून सरकत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. कर्सर सापडत नसेल तर ‘एडिटर.कर्सरस्टाइल’ला ‘ब्लॉक’ आणि लुकलुकण्याचा त्रास होत असेल तर ‘एडिटर.कर्सरब्लिंकिंग’ला ‘सॉलिड’ हे मूल्य द्यावे.

सहावी पायरी: बदल सांभाळणे आणि मागे घेणे

सेटिंग्जच्या पानावरील शोधपट्टीत ॲट चिन्ह लावून ‘मॉडिफाइड’ लिहिल्यास मूळ स्थितीपासून बदललेली सेटिंग्जच तेवढी दिसतात, आणि प्रत्येकीच्या शेजारील चाकावर क्लिक करून ती पूर्ववत करता येते. फाइलची प्रत मात्र आधीच काढून ठेवावी. विंडोजवर ती ॲपडेटा फोल्डरमधील रोमिंग, कोड, यूझर या मार्गावर असते, तर लिनक्सवर होम फोल्डरातील लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात कोड आणि यूझर या मार्गावर सापडते.

एखाद्या प्रकल्पापुरते वेगळे रूप हवे असेल तर त्या प्रकल्पाच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या ‘व्हीएसकोड’ नावाच्या फोल्डरात दुसरी सेटिंग्ज फाइल ठेवता येते. तिच्यातील मूल्ये वैयक्तिक फाइलवर मात करतात. याचा एक चांगला उपयोग म्हणजे जिथे चूक महागात पडेल अशा प्रकल्पाच्या खालच्या पट्टीला ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’मधील ‘स्टेटसबार.बॅकग्राउंड’मधून #६६३३०० असा गडद तपकिरी रंग देणे, म्हणजे दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या असताना आपण कोणत्या खिडकीत टाइप करत आहोत हे नजरेच्या कडेलाही कळते. ही फाइल प्रकल्पासोबत इतरांकडेही जाऊ शकते, म्हणून फॉन्ट, आकार आणि थीम यांसारख्या वैयक्तिक आवडीनिवडी तिच्यात लिहू नयेत आणि रंगाचा असा बदलही सहकाऱ्यांना विचारूनच तिच्यात ठेवावा.