‘लाइव्ह इन ग्दान्स्क’ कसं ऐकावं

कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग ऐकायला बसलेले बरेच जण मूळ अल्बमशी ताळा लावत बसतात. इथे आवाज थकलाय, तिथे सोलो लांबलाय, ही जागा मूळ गाण्यात नव्हती. मी कोल्हापुरात नाटकांना आणि वाद्यवृंदांना साउंड करतो. कन्सोलमागे उभं राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: मंचावरची माणसं एकमेकांचं ऐकून वाजवतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये शोधायचं ते हेच ऐकणं. त्याची सवय लावून घ्यायला ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोर याच्या ‘लाइव्ह इन ग्दान्स्क’सारखं दुसरं रेकॉर्डिंग मला माहीत नाही. दोन सीडी आहेत. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका.

आधी सेटिंग. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून बेस येतच नाही. साधा हेडफोन पुरे, फक्त डावा-उजवा बघून घाला. इक्वलायझर बंद, बेस बूस्ट बंद, शफल बंद. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारी सेटिंग) असेल तर तो शून्यावर आणा, कारण ‘स्पीक टू मी’, ‘ब्रीद’ आणि ‘टाइम’ ही गाणी एकातून एक निघतात आणि ते जोड वादकांनी घातलेले आहेत, ॲपनं नव्हे. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सेटिंगही काढून टाका.

आवाज किती ठेवायचा याची माझी पद्धत सांगतो. शेवटचं गाणं लावा, ‘कम्फर्टेबली नम्ब’. त्याच्या शेवटच्या सोलोवर जा. सगळा बँड पूर्ण ताकदीनं वाजतोय आणि तरी कानाला त्रास होत नाही, अशा जागी आवाज थांबवा. मग सुरुवातीला या आणि पुन्हा हात लावू नका. ‘कॅस्टेलोरिझॉन’च्या आरंभी तंतुवाद्यं फार हळू वाटली तर पंखा बंद करा, आवाज वाढवू नका.

हे कुठे वाजलं तेही माहीत हवं. ग्दान्स्क हे पोलंडचं बाल्टिक समुद्रावरचं बंदर. (दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित आमच्या वळिवड्यात राहून गेले, त्यामुळे कोल्हापूरकराला हा देश नकाशावर शोधावा लागत नाही.) 1980 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या जहाजबांधणी कारखान्यात कामगारांनी संप केला, लेक वालेसा पुढे होता, 31 ऑगस्टला सरकारला करार करावा लागला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. तिच्या वर्धापनाच्या निमित्तानं 26 ऑगस्ट 2006 ला त्याच कारखान्याच्या आवारात ही मैफल झाली. समोर सुमारे 50,000 माणसं. गिल्मोर साठ वर्षांचा, दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम, आणि सोबतीला बाल्टिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची तंतुवाद्यं, संचालन पोलिश संगीतकार झ्बिग्न्येव प्रेइस्नर यांचं. खुल्या मैदानात नाट्यगृहासारखा घुमारा मिळत नाही, म्हणून टाळ्या आणि आरोळ्या कशा पसरट, लांबून आल्यासारख्या ऐकू येतात तिकडे लक्ष द्या.

आता मुख्य काम. दुसऱ्या सीडीवरचं ‘एकोज’.

मूळ ‘एकोज’ पिंक फ्लॉइडच्या 1971 च्या ‘मेडल’ अल्बममध्ये आहे, 23 मिनिटांचं. ते आदल्या दिवशी एकदा ऐकून ठेवा. ग्दान्स्कचं त्याहून थोडं लांब आहे. पहिल्या वेळी गिटारकडे दुर्लक्ष करा. अवघड आहे, गिल्मोरची गिटार लक्ष ओढून घेते, पण करा. फक्त रिचर्ड राइटच्या, म्हणजे पिंक फ्लॉइडच्याच कीबोर्डवादकाच्या मागे राहा. सुरुवातीला थेंब पडावा तसा जो एकच उंच सूर वाजतो, तो त्याचा. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी पियानोचा एक सूर लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढून तो आवाज मिळवला होता. पुढे गाण्याचे शब्द गिल्मोर आणि राइट दोघं मिळून गातात. दोघांचे गळे इतके जवळ लागतात की एकच माणूस गातोय असं वाटतं. दोन-तीन ओळी गेल्यावर ते वेगळे करता येऊ लागतील. शब्द संपून ठेका धरला जातो तेव्हा ऑर्गन तंबोऱ्यासारखा मागे भरून राहतो आणि गिटारला हवी तेवढी जागा देतो.

मग सगळं विरतं आणि किंकाळ्या सुरू होतात. रेकॉर्डिंग बिघडलेलं नाही. वाह-वाह पेडलमध्ये (पायानं दाबून गिटारचा आवाज बदलायचं यंत्र) गिटारची वायर उलट्या बाजूला लावली की हा आवाज निघतो, आणि गिल्मोर सत्तरच्या दशकापासून तो मुद्दाम काढतोय. इथे घाबरून पुढे ढकलणारे मी पाहिलेत. ढकलू नका. या भयाण पट्ट्यातून तो उंच सूर परत येतो तेव्हाचं सुख मधला भाग ऐकल्याशिवाय मिळत नाही.

दुसऱ्या वेळी गाय प्रॅटचा बेस आणि स्टीव्ह डिस्टॅनिस्लाओचे ड्रम धरा. तिसऱ्या वेळी गिटार आणि कीबोर्ड दोन्ही एकदम. गिटार एक वाक्य टाकते, कीबोर्ड त्याला उत्तर देतो, कधी तेच वाक्य परत करतो, कधी वळवून. पस्तीस वर्षं बरोबर वाजवल्याशिवाय हे जमत नाही. 15 सप्टेंबर 2008 ला राइट कर्करोगानं गेला, आणि त्यानंतर आठवड्याभरात हे रेकॉर्डिंग बाजारात आलं.

बाकीच्या गाण्यांना एवढा वेळ लागणार नाही, पण प्रत्येकात एक जागा आहे. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे पिंक फ्लॉइडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याच्यासाठी लिहिलेलं. बॅरेट 7 जुलै 2006 ला, म्हणजे या मैफलीच्या जेमतेम सात आठवडे आधी वारला होता. हे लक्षात ठेवूनच सुरुवातीचे गिटारचे सूर ऐका. सॅक्सोफोनवर डिक पॅरी आहे, 1975 च्या मूळ रेकॉर्डिंगमध्येही तोच होता. लगेच पुढचं ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने’ बॅरेटचं स्वतःचं, 1967 चं. त्या वेळी गिल्मोर बँडमध्ये आलाच नव्हता. ‘हाय होप्स’ संपलं असं वाटलं तरी हेडफोन काढू नका, शेवटी नायलॉनच्या तारांची गिटार आहे. ‘अ ग्रेट डे फॉर फ्रीडम’ हे 1994 चं, बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या आशेचं आणि निराशेचं गाणं. ते त्या कारखान्याच्या आवारात, त्या माणसांसमोर, पोलिश वादकांच्या साथीनं वाजतं, त्यामुळे मूळ गाण्यापेक्षा मला ते इथे कितीतरी मोठं वाटतं. आणि ‘कम्फर्टेबली नम्ब’ची कडवी इथे राइट गातो. सगळे सोलोची वाट बघत असतात, तुम्ही कडवी ऐका.

पहिल्या सीडीचा मोठा भाग ‘ऑन ॲन आयलंड’ या तेव्हाच्या नव्या अल्बमचा आहे आणि लोक तो गाळतात. ‘धिस हेवन’ मलाही फारसं भावत नाही. पण ‘अ पॉकेटफुल ऑफ स्टोन्स’मध्ये लेशेक मोझ्जेरचा पियानो आहे, तेवढ्यासाठी तरी सीडी सलग लावा.

हे सगळं मुरलं की गिल्मोरचंच ‘लाइव्ह ॲट पाँपेई’ घ्या. 7 आणि 8 जुलै 2016 ला इटलीतल्या प्राचीन अँफिथिएटरमध्ये झालेलं, तेव्हा तो सत्तरीत होता. गाण्यांच्या यादीत ‘एकोज’ शोधू नका, राइटशिवाय त्यानं ते वाजवलेलं नाही. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’पासून सुरुवात करा. 1973 च्या त्या गाण्याचं संगीत राइटचं आहे. आवाज वर सांगितल्या पद्धतीनंच लावा आणि पहिल्या फेरीला गायकांना सोडून फक्त पियानो धरा.