एडिटर चार, पायथन पाच

"कोड लिहायला कुठला एडिटर घेऊ?" हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. विचारणारा बहुधा १३ ते १६ वर्षांचा असतो आणि तुलनेचे सात-आठ व्हिडिओ पाहून आधीच गोंधळलेला असतो. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: कुठलाही. ते ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणजे मी टाळतेच आहे असं त्याला वाटतं. टाळत नाहीये. चौदाव्या वर्षी मी तब्बल ५ महिने एडिटर बदलण्यात घालवले आणि त्या ५ महिन्यांत पडद्यावर एक चेंडू हलवता आला नाही. ते का झालं, हे नीट सांगितल्याशिवाय माझ्या "कुठलाही"ला काही अर्थ नाही.

लूप, फंक्शन, लिस्ट हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

२०२०मध्ये मी पायथन ३.८ (प्रोग्रामिंगची भाषा, आवृत्ती ३.८) उतरवून घेतला. त्याच्यासोबत आयडल नावाचा साधा एडिटर फुकटात येतो. त्यात मी 'आकडा ओळखा' हा खेळ लिहिला, ४० ओळींचा. 'इनपुट'मधून येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो, त्यामुळे ५ आणि ५ जोडले की ५५ होतात, हा धक्का तिथेच खाल्ला. तो सगळ्यांनाच बसतो, त्यावर वेळ घालवत नाही. पण खेळ चालला! पुढे मला खिडकीत उड्या मारणारा चेंडू हवा होता, म्हणजे पायगेम हवं होतं, खेळ बनवायचं पायथनचं बाहेरचं पॅकेज, तयार कोडचा गठ्ठा.

तेवढ्यात दादा आला. माझा चुलतभाऊ, तेव्हा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "अगं, आयडलमध्ये काय खेळत बसलीस? लहान मुलांचं आहे ते." लॅपटॉप स्वतःकडे ओढला, व्हीएस कोड हा दुसरा एडिटर टाकला, "तुझा पायथन जुना झालाय" म्हणून नुकताच आलेला ३.९ टाकला, आणि पाऊण तासात निघूनही गेला. काय काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "सोड गं, सेटअप आहे, एकदाच करायचं असतं."

आता नीट लक्ष द्या, कारण माझं सगळं इथे फसलं. पायथनच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत अगदी खाली एक छोटी चौकट असते: पायथन 'पाथ'मध्ये घालू का? ती आपणहून टिक केलेली नसते. मी माझ्या ३.८च्या वेळी ती पाहिलीच नव्हती, दादाने ३.९च्या वेळी टिक केली. 'पाथ' म्हणजे फोल्डरांची यादी. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, तुम्ही 'पिप' (पॅकेज उतरवून बसवणारा पायथनचा प्रोग्राम) असा शब्द टाइप केला की मशीन त्या यादीतले फोल्डर ओळीने धुंडाळतं आणि जो पिप पहिला सापडेल तो चालवतं. माझ्या यादीत ३.९ होता, ३.८चा पत्ताच नव्हता. आणि व्हीएस कोडने पहिल्यांदा "कुठला पायथन वापरू?" असं विचारलं, तेव्हा मी ओळखीचा आकडा दिसला म्हणून ३.८वर क्लिक करून मोकळी झाले.

म्हणजे सामान येत होतं ३.९च्या घरी आणि मी ते शोधत होते ३.८च्या घरात. प्रत्येक पायथनचं पॅकेजांचं कपाट स्वतंत्र असतं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. हे आज मी दोन वाक्यांत लिहिलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं: पिप म्हणतोय 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड', म्हणजे पायगेम आहे. प्रोग्राम म्हणतोय 'मोड्यूल नॉट फाउंड', म्हणजे पायगेम नाही. दोघंही खरं बोलत होते. मला मात्र वाटलं, दोघांतला एक खोटारडा आहे, आणि संशय गेला एडिटरवर.

मग सुरू झाली वरात. पायचार्म टाकला. तो नव्या प्रोजेक्टला आपलं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून देतो, म्हणजे आणखी एक कोरं कपाट. हे खरं तर योग्यच आहे, पण मला ते कुठे ठाऊक होतं? शिवाय माझा ४ जीबी रॅमचा लॅपटॉप त्याच्या ओझ्याने धापा टाकायचा. मग कोणीतरी थॉनी सुचवला. नवशिक्यांसाठी फार छान आहे, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात बनलाय, आणि इन्स्टॉल करायची कटकट नको म्हणून स्वतःचा पायथन सोबत घेऊनच येतो. झालं, चौथं कपाट. पुढे एका व्हिडिओत पाहून टर्मिनलमध्ये 'पायथन३' टाइप केलं. तो व्हिडिओ लिनक्सवरचा होता. माझ्या विंडोजवर त्या शब्दाने मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं आणि मी आज्ञाधारकपणे तिथलं 'गेट' बटण दाबलं. पाचवा पायथन.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं, फक्त मी दर वेळी नाच सोडून नवं अंगण आणत होते, आणि प्रत्येक अंगण येताना आणखी एक खड्डा घेऊन येत होतं.

मधे एक दिवस तर कहर झाला. पायगेम सापडतंय का एवढंच तपासायला एक चिमुकली फाइल केली आणि तिला नाव दिलं 'पायगेम डॉट पीवाय'. चालवली, आणि 'मोड्यूल नॉट फाउंड' गायब! मी अक्षरशः टाळी वाजवली. खाली दुसरीच एरर होती: या मोड्यूलमध्ये 'इनिट' (पायगेम सुरू करणारं फंक्शन) नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पायथन इम्पोर्ट करताना, म्हणजे दुसरीकडचा कोड आत घेताना, बाहेरच्या पॅकेजांआधी चालवलेल्या फाइलच्या फोल्डरमध्ये बघतो. त्याला तिथे माझीच फाइल सापडली, आणि ती स्वतःलाच इम्पोर्ट करत होती. 'सर्क्युलर इम्पोर्टमुळे असू शकेल' असं एररच्या शेवटी लिहिलंही होतं. मी वाचलं नव्हतं. लाल अक्षरं दिसली की मी खिडकी बंद करायचे. तेव्हा फाइलला रँडम, टर्टल, मॅथ, पायगेम अशी नावं देऊ नका, आणि एरर खालून वर वाचा. शेवटची ओळ काय बिघडलं ते सांगते, तिच्या वरच्या ओळी कुठे बिघडलं ते.

सुटका झाली ती दोन ओळींनी. 'इम्पोर्ट सिस' आणि खाली 'प्रिंट सिस डॉट एक्झिक्युटेबल', कंसासकट. हा प्रोग्राम नेमका कुठला पायथन चालवतोय त्याचा पूर्ण पत्ता छापला जातो. कोणाच्या तरी जुन्या उत्तरात हे दिसलं आणि करून पाहू म्हणून चारही एडिटरांत चालवलं, आणि टर्मिनलमध्ये 'पायथन' आणि 'पायथन३' अशा दोन्ही शब्दांनी. वहीच्या मागच्या पानावर पत्ते उतरवत गेले. एका पत्त्यात 'पायथन३८' होतं, दुसऱ्यात 'पायथन३९'... सगळीकडे फिरून पाच वेगळे पत्ते. ५ महिने ज्याला मी माझा मठ्ठपणा समजत होते तो त्या पानावर पाच ओळींत पडला होता. मला हसूच आलं. जरा रागही आला.

त्यानंतर मी नुसतं 'पिप इन्स्टॉल' कधीच लिहिलं नाही. 'पायथन', मग वजाचिन्ह लावून 'एम', मग 'पिप इन्स्टॉल' आणि पॅकेजचं नाव. अर्थ असा की टर्मिनलमध्ये जो पायथन चालतो त्याच्याच पिपला सांग, भलत्याच पिपला नको. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीत पायथनचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक करून हवा तो निवडता येतो. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला आपलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. त्यासाठीचं 'व्हीएन्व्ह' पायथनसोबतच येतं, विंडोजवर वेगळं काही उतरवावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात नको, पहिलं बाहेरचं पॅकेज लागेल तेव्हा करा. तेव्हा मात्र कंटाळा करू नका. मी केला होता.

आणखी एक. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते. आली रे आली की घ्यायची हौस नको, बाहेरच्या पॅकेजांना तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. मी एक आवृत्ती मागे राहते आणि सुखात असते.

आता दादाबद्दल. तो वाईट नाही, आजही माझा लाडका आहे. पण शिकवणारा तो, ज्याचे हात खिशात असतात. ज्याने तुमचा कीबोर्ड ओढला त्याने तुमची अडचण सोडवली नाही, ती घेऊन गेला, आणि बदल्यात त्याचा सेटअप तुमच्या मशीनवर सोडून गेला. कोणी मदतीला बसलंच तर स्पष्ट सांगा: तू बोल, टाइप मी करते. दहा मिनिटांचं काम तासभर चालेल, चालू द्या. आणि जो "हे लहान मुलांचं आहे" म्हणतो त्याचं तर अजिबात मनावर घेऊ नका. आयडलमध्ये चालणारा प्रोग्राम हा प्रोग्रामच असतो. मोठ्या माणसांचं म्हणाल तर व्हीआय आणि ईमॅक्स या दोन एडिटरांवरून ती अजूनही भांडतात, आणि दोन्ही १९७६ची आहेत. हा वाद तुमच्या दहावीपर्यंत मिटणार नाही.

'३० दिवसांत प्रोग्रामर व्हा'वाल्यांबद्दल मी बोलत नाही, तोंडातून काही जायचं.

एआयचं विचारतात सगळे. माझं मत थोडं कर्मठ वाटेल. पहिले काही महिने एडिटरमधली आपोआप कोड पुरवणारी सोय बंद ठेवा. ती चुकीचा कोड देते ही माझी तक्रार नाही. बहुतेक वेळा बरोबर देते, तीच अडचण आहे. अडखळल्याशिवाय एरर दिसत नाही आणि एरर वाचायची सवय लागत नाही. स्वतः लिहून झाल्यावर, फसल्यावर, एरर त्याला दाखवून "याचा अर्थ काय" विचारा, जरूर विचारा. चौदाव्या वर्षी मला ते मिळालं असतं तर ५ महिने वाचले असते, हे कबूल करते. पण "दुरुस्त करून दे" म्हणालात तर तो आणखी एक दादाच.

त्यापेक्षा डीबगर शिका. थीम, फॉन्ट, रंगीत कंस यांवर मी किती रविवार घालवले ते सांगायची लाज वाटते, आणि डीबगर हात जोडून तिथेच उभा होता. व्हीएस कोडमध्ये एखाद्या ओळीवर एफ९ दाबा, एफ५ने चालवा, प्रोग्राम त्या ओळीवर थांबतो. मग एफ१०ने एकेक ओळ पुढे जा आणि बाजूला व्हेरिएबलच्या किमती बदलताना बघा. लूप म्हणजे काय ते मला लूप 'शिकल्यावर' नाही, हे पाहिल्यावर कळलं.

पायथनच हवा असंही नाही. कुठलंही इन्स्टॉलेशन जमत नसेल, मशीन जुनं असेल, तर जावास्क्रिप्टने सुरुवात करा. कुठल्याही ब्राउझरमध्ये आहे, कॉम्प्युटरवर बहुतेक ब्राउझरांत एफ१२ दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात, त्यातल्या 'कन्सोल'मध्ये कोड लिहून चालवता येतो. १९९५मध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचं पहिलं रूप १० दिवसांत उभं केलं होतं आणि त्या घाईच्या खुणा भाषेत अजून सापडतात, पण चेंडू तिच्यातही छान उडतो.

आणि असं काही तुमच्यासोबत आत्ता चालू असेल, दोन आठवडे एकाच एररवर अडकला असाल, तर तुम्ही मठ्ठ नाही आहात. हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. प्रोग्रामिंग अजून सुरूच झालेलं नसतं, आपण दारातल्या कुलुपाशी झगडत असतो आणि समजतो की घरच आपलं नाही. फक्त कुलूप अडलं म्हणून नवं दार विकत आणू नका.

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. "ताई, पिप म्हणतोय आहे, आणि चालवलं की नाही म्हणतोय." मी दोन ओळी सांगितल्या आणि गप्प बसले. पलीकडून टाइप केल्याचा आवाज, मग शांतता, मग, "अय्या, हे तीन निघाले! कुठले उडवू?"

विंडोज आहे ना, तर सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल कर, फोल्डर नुसता डिलीट करू नकोस, असं तिला सांगितलं. तुम्ही लिनक्सवर असाल तर सिस्टिमसोबत आलेल्या पायथनला हात लावू नका, अजिबात नाही, सिस्टिमचीच कितीतरी कामं त्याच्यावर चालतात. तिथे पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवत असेल तर तो ओरडत नाहीये. 'व्हीएन्व्ह' कर एवढंच सांगतोय.